गुडघ्यानें शिकविलेला धडा

विद्यार्थिमित्रहो, ज्या शिक्षकानें वर्षानुवर्षें तुम्हांस फळ्यावर त्रिकोण व चौकोन काढून दाखविले, तो गतवर्षीं स्वतःच विद्यार्थी झाला होता, हें तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां एका हातांत काठी व दुसऱ्या हातांत हजेरीपट घेऊन हळूहळू वर्गांत येणारी माझी मूर्ति पाहून खालच्या इयत्तांतील बालमंडळींस थोडें हंसूंही आलें असेल. त्या हंसण्याचा मला राग नाहीं. परंतु त्या काठीमागची हकीकत थोड्यांसच माहीत आहे. आणि तींत माझ्या एका चुकीची कबुली असल्यामुळें ती मीं स्वतःच सांगावी हें बरें. संपादकमंडळानें वार्षिकासाठीं कांहीं लिहिण्याचा आग्रह केला, त्या निमित्तानें ती आज सांगतों.

आरंभ झाला तो गतवर्षींच्या जानेवारींतील क्रीडासप्ताहांत. शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा कबड्डीचा सामना ठरला होता. माझें वय चव्वेचाळीस. महाविद्यालयांत असतांना मी बरा खेळाडू होतों, ही आठवण वयापेक्षां बलवत्तर ठरली आणि मी धोतराऐवजीं अर्धी विजार चढवून मैदानांत उतरलों, असें माझे आजोबा असते तर म्हणाले असते. मी चढाईस गेलों. एका चपळ मुलास हुलकावणी देऊन मध्यरेषेकडे परतावें म्हणून मीं एकदम अंग वळविलें. अंग वळलें, मांडी वळली. पाऊल मात्र मातींत रोंवलेलेंच राहिलें. गुडघ्याच्या आंत ‘कट्’ असा आवाज झालेला मला स्पष्ट ऐकूं आला. मला कोणीं धरिलें नव्हतें, कोणीं ढकललें नव्हतें. हें मुद्दाम सांगतों, कारण त्या बिचाऱ्या मुलास पुढें कित्येक दिवस आपल्याच हातून सरांचा पाय मोडला असें वाटत होतें. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

घरीं सर्वांचें मत पडलें कीं, पाय मुरगळला आहे. जवळच्या गांवचे एक जाणते गृहस्थ येऊन तेल चोळून गेले. तीन आठवड्यांत सूज उतरली, मी चालूं लागलों, आणि प्रकरण संपलें असें समजून चाललों. पण मार्च महिन्यांत एके दिवशीं फळ्यावर प्रमेय लिहून चौथऱ्यावरून खालीं उतरत असतां, बिजागरी निखळलेल्या दाराप्रमाणें गुडघा आंतल्या आंत सरकला आणि मी वर्गासमोर आडवा झालों. आतां मात्र शहरांतील अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणें भाग पडलें. त्यांनीं पोटरी हातांत धरून पुढें ओढून पाहिली, एम. आर. आय. नांवाची तपासणी करविली, आणि सांगितलें कीं, गुडघ्यांतील पुढचें लिगामेंट पूर्ण तुटलें आहे.

लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. एका हाडास दुसऱ्या हाडाशीं बांधून ठेवणारा चिवट पट्टा. गुडघ्याची रचना पाहिली तर भूमितीच्या शिक्षकास नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. मांडीच्या हाडाचें टोंक दोन गोलांसारखें, आणि नळीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. पाटावर दोन चेंडू ठेवावे तसा हा प्रकार! तरी ते घरंगळत नाहींत, कारण चार बंध त्यांस आवळून धरितात. दोन बाजूंस, आणि दोन सांध्याच्या पोटांत एकमेकांस छेदून गेलेले. या आंतल्या जोडीस लॅटिन भाषेंतील क्रूसवाचक शब्दावरून नांव पडलें आहे. त्यांतील पुढचा बंध अवघा सुमारें ३ सेंटिमीटर लांब. पण नळीचें हाड पुढें सरकूं न देणें व पाय वळतांना सांधा आवरून धरणें हें काम त्याच्याकडे. तो पूर्ण तुटला म्हणजे बहुधा आपोआप नीट जुळत नाहीं. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असें नाहीं. स्नायु बळकट करून कित्येक जण आपला व्यवहार चालवितात. पण माझा गुडघा वारंवार निसटत असल्यामुळें मे महिन्याच्या सुटींत शस्त्रक्रिया करावी असें ठरलें.

त्या दिवसांत वाचनास वेळ पुष्कळ होता, म्हणून या विद्येचा इतिहास मीं थोडासा वाचला. १८९५ सालीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं आर्थर मेयो-रॉबसन नामक शस्त्रवैद्यानें एका खाणकामगाराचे गुडघ्यांतील तुटलेले बंध प्रथम शिवले. त्या कामगाराचें वय ४१ होतें, हें वाचून मला उगीचच धीर आला. १९१७ सालीं अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनीं शिवण्याऐवजीं रोग्याच्याच मांडीच्या बाहेरील बाजूचा चिवट पट्टा हाडांतून ओंवून नवा बंध तयार केला. १९१८ सालीं टोकियो येथें केनजी ताकागी यांनीं मूत्राशय पाहण्याची नळी एका मृताच्या गुडघ्यांत घालून आंत पाहिलें. आज दोनतीन लहान छिद्रांतून सबंध शस्त्रक्रिया होते, तिचें बीज तेथें आहे. माझ्या मांडीच्या मागील बाजूच्या दोन कंडरा काढून, त्यांची घडी घालून चारपदरी दोर केला, मांडीच्या व नळीच्या हाडांस भोंकें पाडून त्यांतून तो ओंविला आणि दोन्हीं टोंकांस पक्का केला. मणक्यांत टोंचून कमरेखालचा भाग बधिर केला असल्यामुळें मी जागा होतों, आणि समोरच्या पडद्यावर माझ्याच गुडघ्याचें अंतरंग पाहत होतों. जुन्या बंधाचीं टोंकें विहिरीवरच्या झिजलेल्या दोराप्रमाणें पिंजलेलीं दिसलीं.

येथपर्यंत जें झालें तें डॉक्टरांनीं केलें. माझी स्वतःची शाळा दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुरू झाली.

व्यायामोपचार करणारी एक तरुण मुलगी माझ्या खाटेजवळ आली. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची असेल. तिनें टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखालीं ठेविली आणि म्हणाली, “सर, मांडी आवळून ही गुंडाळी खालीं दाबा. गुडघ्याची वाटी वर सरकली पाहिजे.” इतकें सोपें काम! मीं मांडी आवळली. निदान आवळली असें मला वाटलें. वाटी हालली नाहीं. पुन्हां प्रयत्न केला. दांत आवळले गेले, मुठी वळल्या, कपाळावर घाम आला. मांडी मात्र दुसऱ्या कोणाची असावी तशी स्वस्थ पडून राहिली. मीं लज्जित होऊन म्हटलें, “मी प्रयत्न करीत नाहीं असें समजूं नका.” ती हंसून म्हणाली, “मला दिसतंय सर, तुम्ही करताय. तो स्नायु झोंपलाय. त्याला रागावून उपयोग नाहीं.”

मग तिनें कारण समजाविलें. मांडीच्या पुढच्या स्नायूस कोणीं हात लाविला नव्हता. पण गुडघ्यांत सूज भरली म्हणजे तेथून पाठीच्या कण्याकडे सारखे इशारे जातात, आणि कण्यांतूनच त्या स्नायूकडे जाणारा हुकूम अडविला जातो. दुखावलेल्या सांध्याचें संरक्षण व्हावें म्हणून शरीरानें केलेली ही योजना. मालकाची इच्छा कितीही प्रबळ असो, हुकूम वाटेंतच थांबतो. बाहेरून पाहणारास तो आळस दिसतो. आंत ती भीति असते.

तिनें मला तें काम प्रथम चांगल्या पायानें करावयास लाविलें. “हें कसं वाटतं तें लक्षांत ठेवा, आणि मग तेंच इकडे करा.” दुखऱ्या मांडीवर तिनें आपलें एक बोट ठेविलें आणि तेवढ्या जागेकडेच लक्ष द्यावयास सांगितलें. बर्फाच्या शेकानें सूज उतरवीत, दर तासाला दहा दहा वेळां मी ती गुंडाळी दाबीत असें. चौथ्या दिवशीं दुपारीं त्या बोटाखालीं पाण्यांतील मासोळीप्रमाणें कांहींतरी किंचित् हाललें. “आलं, सर, आलं!” असें ती ओरडली. पदवीपरीक्षेचा निकाल ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता.

त्या रात्रीं मात्र मला झोंप आली नाहीं. वेदना होत्याच, पण जागें ठेविलें तें एका मुलाच्या आठवणीनें. त्याचें नांव मी सांगणार नाहीं. हें लिहितों तेंही त्याची परवानगी घेऊन. माझ्या अपघाताच्या आदल्या महिन्यांत, आठवीच्या वर्गांत, मीं त्यास एक समीकरण सोडविण्यास फळ्याजवळ बोलाविलें. तो खडू हातांत घेऊन उभा राहिला. एक अक्षरही लिहीना. मीं विचारिलें, दरडाविलें, आणि शेवटीं सर्व वर्गासमोर म्हणालों, “बुद्धि आहे, इच्छा नाहीं. आळस हाच तुझा रोग.” वर्ग हंसला. त्या दिवसानंतर तो शेवटच्या बांकावर बसूं लागला, आणि त्याचा हात कधीं वर झाला नाहीं. मीं त्यास माझ्या निदानाचा पुरावाच समजलों! आतां खाटेवर पडल्या पडल्या तो खडू धरलेला हात मला सारखा दिसूं लागला. माझ्या मांडीस कोणी सर्वांदेखत आळशी म्हटलें असतें, तर ती चौथ्या दिवशीं तरी हालली असती काय?

पुढील आठवडे शिस्तींत गेले. पहिला पाठ पाय पूर्ण सरळ करण्याचा. पुष्कळांस वाटतें कीं, गुडघा वांकणें हेंच मुख्य. पण प्रथम तो पूर्ण सरळ झाला नाहीं तर जन्माचें लंगडणें मागें लागतें. मग टांच बिछान्यावरून हळूहळू मागें ओढावयाची. ती मुलगी एक लांब हातांचें कोनमापक आणून माझा कोन मोजी. पहिल्या आठवड्यांत ४० अंश, दुसऱ्याच्या अखेरीस ९०, शाळा उघडली तेव्हां १२०. काटकोन झाला त्या दिवशीं मीं तिला म्हटलें, “वीस वर्षें काटकोन शिकवितों आहें, त्याची किंमत आज कळली.” कुबड्यांवर चालतांना भार कांखेवर न देतां तळहातांवर द्यावा, जिना चढतांना चांगला पाय आधीं व उतरतांना दुखरा आधीं, हेही पाठ घोकले. मांडी घालून किंवा उकिडवें बसण्याची मनाई होती. आमच्या घरीं जेवणें जमिनीवर होतात, म्हणून माझ्याबरोबर सारें कुटुंबच टेबलाशीं बसूं लागलें.

पूर्वीं अशा रोग्याचा पाय शस्त्रक्रियेनंतर सुमारें सहा आठवडे प्लास्टरमध्यें जखडून ठेवीत. ही रीत कशी बदलली, ती गोष्ट शिक्षकांनीं ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेंतील डोनाल्ड शेलबोर्न या शस्त्रवैद्याच्या लक्षांत आलें कीं, जे रोगी सांगितलेलें न पाळतां लौकर पाय हालवितात व त्यावर भार देतात, त्यांचेच गुडघे अधिक चांगले होतात. आज्ञाभंगाबद्दल त्यांस दोष देऊन तो थांबला नाहीं. त्यांच्यापासून शिकला, आणि १९९० सालीं एका सहकाऱ्यासह नवी पद्धति प्रसिद्ध केली. दुसऱ्याच दिवशीं माझा पाय हालविण्यास सांगितलें गेलें, तें अशाच विचाराचें फळ होय.

घरीं एक गोष्ट मनास फार लागली. रात्रीं बिछान्याशीं गुडघे टेकून प्रार्थना करण्याची माझी बाळपणापासूनची संवय. आतां तें अशक्य. खुर्चीवर पाय लांब करून बसलों कीं प्रार्थना अर्धवट झाल्यासारखें वाटे. एकदां आईजवळ तसें बोललों. ती म्हणाली, “अरे, देव काय गुडघे मोजीत बसतो?” तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, आपल्या सांधेदुखीमुळें आई स्वतः कित्येक वर्षें खुर्चीवर बसूनच प्रार्थना करीत आहे, आणि एका घरांत राहून मीं तें कधीं पाहिलेंच नव्हतें. मंदिराच्या पायऱ्यांवर तिच्यापुढें चार पावलें जाऊन ‘आटप लौकर’ म्हणणारा मुलगा तो मीच!

जूनमध्यें मी शाळेंत आलों. मधल्या सुटींत त्या मुलास, जो आतां नववींत गेला होता, मीं बोलाविलें. काय बोलावें याची मनांत पुष्कळ जुळवाजुळव केली होती, ऐन वेळीं एवढेंच निघालें, “मागच्या वर्षीं मी तुला आळशी म्हणालों. तें चुकीचें होतें. मला क्षमा कर.” तो कांहीं वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, पाय फार दुखतो का?” मीं खरें तेंच सांगितलें. त्यानें माझ्या हातांतील वह्यांचा गठ्ठा घेतला आणि शिक्षकांच्या खोलीपर्यंत आणून दिला.

त्यानंतर मीं त्यास फळ्याजवळ बोलाविण्याचें सोडलें. त्याच्या बांकावर, त्याच्या वहींत, त्याला येतें त्या उदाहरणापासून आरंभ करूं लागलों. चांगल्या पायानें आधीं करावें, तसें. एका दिवसास एकच पायरी. कधीं ती पायरीही होत नसे, आणि जुनी संवय माझ्या जिभेच्या टोंकापर्यंत येई. अशा वेळीं मी आपली मांडी हातानें चांचपून पाहत असें.

जुलैच्या अखेरीस मला एकदम फार बरें वाटूं लागलें. काठी सुटली, सूज गेली. एके दिवशीं पावसांत एस. टी. सुटत होती, ती धरण्यासाठीं मी पांचसहा पावलें धांवलों. ईश्वरकृपेनें कांहीं झालें नाहीं, आणि ही फुशारकी मीं व्यायामाच्या वेळीं सांगितली. जी मुलगी माझी मांडी हालत नसतां एकदांही रागावली नव्हती, ती त्या दिवशीं चांगलीच रागावली. रोंवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा प्रथम तुटलेला असतो; तिच्यांतील जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या व नव्या पेशी हळूहळू तींत शिरतात, आणि दुसऱ्यातिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षांही दुबळी असते. रोग्यास बरें वाटतें तें याच वेळीं! तिची पूर्ण घडण होण्यास वर्षाहूनही अधिक काळ लागतो. नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें कीं, खेळाकडे परतणें नऊ महिन्यांपर्यंत जितकें लांबवावें, तितका गुडघा पुन्हां दुखावण्याचा धोका महिन्यागणिक जवळजवळ निम्म्यानें घटतो. हें ऐकून मी खालीं मान घालून बसलों. पण मनांत म्हटलें, रागवावें तर असें. जें माझ्या हातीं नव्हतें त्याबद्दल तिनें मला बोल लाविला नाहीं. जें माझ्या हातीं होतें त्याबद्दल गय केली नाहीं. मीं वर्गांत नेमकें याच्या उलट केलें होतें. मुकाट्यानें उभ्या राहिलेल्या मुलास रागावलों, आणि घाईघाईनें चुकीचें उत्तर फेंकणाऱ्या हुशारास हंसून सोडून दिलें.

पावसाळा संपला. एका पायावर डोळे मिटून उभें राहण्याचा पाठ सुरू झाला. तुटलेल्या बंधाबरोबर सांधा कोठें आहे हें कळविणारे मज्जातंतूही जातात, म्हणून तोल नव्यानें शिकावा लागतो. प्रथम मी पांच सेकंदांत डगमगें. पुढें तीस सेकंद उभा राहूं लागलों. याच सुमारास, एके दिवशीं वर्गांत ‘हें कोण सोडवील?’ असें विचारिलें असतां शेवटच्या बांकावरून एक हात अर्धवट वर झाला. तो मुलगा आपण होऊन फळ्याजवळ आला. चार पायऱ्या बरोबर लिहिल्या. पांचवींत ऋणचिन्ह विसरला आणि उत्तर चुकलें. वर्ग हंसला नाहीं. मीं चौथ्या पायरीखालीं एक रेघ ओढली आणि म्हटलें, “येथपर्यंत बिनचूक.” तो जागेवर गेला, चूक शोधून पुन्हां आला, आणि ती स्वतः दुरुस्त करून गेला.

यंदाच्या जानेवारींत पुन्हां शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना ठरला. त्यापूर्वीं माझी परीक्षा झाली. एका पायावर उडी मारावयाची, दोन्हीं पायांचीं अंतरें मोजावयाचीं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान शेकडा ९० भरली पाहिजे. माझी ८४ भरली. शेकडा ८४ गुण मिळवूनही नापास होणारा या शाळेंत मी एकटाच असेन! म्हणून यंदा मी गळ्यांत शिटी अडकवून पंच म्हणून उभा राहिलों, आणि शिक्षकांचा संघ हरला तो न्यायानेंच हरला.

आज शस्त्रक्रियेस नऊ महिने पुरे झाले. उजवी मांडी डावीपेक्षां अजून एक सेंटिमीटर बारीक आहे. गुडघे टेकावयास गेलों तर व्रणाची जागा हुळहुळते, म्हणून खालीं उशी घेतों; आणि आईच्या खुर्चीजवळच ती ठेवितों. रोज सकाळीं व्यायाम चालू आहे, व पुढील परीक्षा मार्चमध्यें आहे. विद्यार्थिमित्रहो, तुमचीही परीक्षा त्याच महिन्यांत येते. ज्यास एखादा विषय हालतच नाहीं असें वाटत असेल, त्यानें मधल्या सुटींत माझ्याकडे यावें. आपण टॉवेलच्या गुंडाळीपासून आरंभ करूं.